सावेरियाने काढलेले बोल्ट

सावेरिया सतरा वर्षांची होती तेव्हा बापाने तिला पहिल्यांदा शाईच्या घळीत सोडलं, आणि तेही एका करडासाठी.

जून महिना होता. ओर्सू, म्हणजे तिचा बाप, दरवर्षीप्रमाणे शेळ्या घेऊन, बेटाच्या डोंगरातल्या लुनाज्या या आपल्या गावाहून वर शेळीच्या तळ्याकडे निघाला होता. तळ्यातून निघालेली नदी दीड कोस उघड्यावरून वाहते आणि मग एकाएकी खडकाच्या चिरेत शिरते. वाट त्या चिरेच्या काठाकाठाने जाते. काठावरून वाकून पाहिलं तर खाली फक्त काळं पाणी दिसतं, तेही सगळं नाही. म्हणून शाईची घळ. त्या दिवशी एक करडू काठावरची कोवळी पानं ओरबाडताना घसरलं आणि साठ मीटर खालच्या एका कपारीवर जाऊन अडकलं. मेलं असतं तर ओर्सू टोपी काढून पुढे चालला असता. पण ते ओरडत होतं.

"मी उतरलो तर तू मला वर ओढू शकणार नाहीस," ओर्सू म्हणाला. "तू उतरलीस तर मी ओढीन. हिशेब सरळ आहे."

त्याने दोर एका म्हाताऱ्या जुनिपरच्या बुंध्याला दोन वेढे घालून बांधला, लेकीच्या कमरेला गाठ मारली आणि तिला सोडलं. सावेरिया खाली गेली. करडू सापडलं, एका पायाने लंगडं पण जिवंत. ते काखेत धरून तिने खाली पाहिलं आणि करडाला विसरली. भिंती आतून रांजणासारख्या गुळगुळीत होत्या. वरून काळं दिसणारं पाणी जवळून हिरवं होतं, आणि त्याचा उजेड भिंतींवर हलत होता. पाण्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. बापाने वरून दोराला तीन हिसके दिले तेव्हा ती भानावर आली.

वर आल्यावर ओर्सूने आधी करडाचा पाय चाचपला, मग लेकीकडे पाहिलं.

"काय दिसलं?"

"पाणी."

"मग झालं. बघितलंस. आता विसर."

ती विसरली नाही. पुढची दहा वर्षं तिने बेटाभरच्या डोंगरांतल्या नद्या पालथ्या घातल्या. कोर्ती शहरात जाऊन गाईडची परीक्षा दिली, दोर आणि गाठी शिकली, पर्यटकांना सोप्या ओढ्यांमधून फिरवून आणू लागली. तिथेच तिला लोइक भेटला. आल्प्समधून शिकवायला आलेला उंच, हसरा, बोलघेवडा माणूस. एका उन्हाळ्यासाठी आला आणि राहिला. ओर्सूच्या लेखी मुख्य भूमीवरून बोटीने उतरलेला प्रत्येक माणूस पिंझुतूच, आणि जावई झाला तरी पिंझुतू. पण लोइक चीज करायच्या वेळी बाह्या सरसावून कढईपाशी उभा राहायचा, त्यामुळे ओर्सू त्याला शिव्या देताना आवाज जरा खाली आणायचा.

शहाण्णव सालच्या ऑगस्टमध्ये सावेरिया आणि लोइक दोघांनी शाईची घळ वरून खालपर्यंत उतरून काढली. दोन दिवस लागले. अकरा कडे. प्रत्येक कड्याच्या माथ्यावर दोर अडकवायला बोल्ट ठोकावे लागले, आणि प्रत्येक भोक सावेरियाने पाडलं. लोइक म्हणाला होता, "घळ तुझी आहे. मी दोर धरतो." पहिल्या रात्री ते पाचव्या कड्याखाली वाळूच्या वीतभर पट्ट्यावर निजले. दुसऱ्या दिवशी सातव्या कड्याच्या पायथ्याशी त्यांना एक डोह लागला, विहिरीसारखा गोल. लोइकने दोरीला दगड बांधून खोली मोजली. सहा मीटर. मग सावेरियाने नऊ मीटरवरून उडी मारली. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती, असं लोइक नंतर सांगायचा. त्या डोहाला त्यांनी रांजण नाव दिलं.

घरी आल्यावर तिने बापाला सगळं सांगितलं. ओर्सू चुलीपाशी चेस्टनटच्या पिठाचं घट्ट पिठलं घोटत होता. त्याने घोटणं थांबवलं नाही.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? एवढ्या नद्या दिल्यात बाहेरच्यांना. पाण्याला एखादी खोली तरी स्वतःची असू दे."

"बाबा, शाळेत नऊ पोरं राहिलीत. पुढच्या वर्षी शाळा बंद होईल. बेकरी तर झालीच बंद. माणसं इथे यायला काहीतरी कारण नको का?"

"मग त्यांना चीज खायला बोलाव."

"चीजसाठी कोण एवढा घाट चढून येतं?"

"मग नको येऊ देत," ओर्सू म्हणाला आणि पिठलं पाटावर उलथं केलं.

तिने सांगितलं. लोइकने घळीचा तक्ता काढला. कुठला कडा किती उंच, बोल्ट डाव्या हाताला की उजव्या, कुठे पोहायचं, कुठे चालायचं. टिपा सावेरियाच्या हातच्या होत्या. रांजणापाशी तिने लिहिलं होतं : उडी नऊ मीटर. खोल, निर्धोक. तो तक्ता एका पुस्तकात छापून आला, पुढे लोइकच्या वेबसाइटवर गेला.

शाळा वाचली, हे खरं. बेकरी पुन्हा उघडली. नदीच्या काठी तंबूंची जागा झाली, चर्चच्या पायऱ्यांवर ओले रबरी पोशाख वाळत पडू लागले. वीस वर्षं सावेरियाने माणसांना घळीत नेलं. डॉक्टर, पोलीस, नवविवाहित जोडपी, एकदा तर सत्तरीची नन. माणसं खाली उतरताना बडबडायची आणि तिसऱ्या कड्यानंतर गप्प व्हायची. तिला तो क्षण आवडायचा. ऑगस्टमध्ये मात्र दिवसाला शंभर-सव्वाशे जण उतरायला लागले, कड्यांच्या माथ्यावर रांगा लागू लागल्या, आणि त्या गर्दीत गप्प कुणीच होईना. ओर्सू शेळ्या घेऊन काठाने जाताना खालून येणाऱ्या किंचाळ्या ऐकायचा आणि घरी येऊन विचारायचा, "आज किती जणांना कापलं खाली?"

त्याच्या विनोदावर कुणी हसलं नाही, असं दोन हजार सोळा साली झालं.

त्या वर्षी मे महिन्यात सावेरिया हंगामाआधी एकटी घळ पाहायला उतरली होती. दरवर्षी जायची. हिवाळ्यात मोठा पूर येऊन गेला होता. सातव्या कड्यावरून ती सवयीने उडी मारणार, तेवढ्यात तिला पाण्याचा रंग वेगळा वाटला. नेहमीचा गडद हिरवा नव्हता, फिका होता. ती दोराने उतरली. पाणी कमरेपर्यंत लागलं. रांजण दगडगोट्यांनी भरून गेला होता.

तिने स्वतःच्या गटांना सांगितलं. गावातल्या दुसऱ्या दोन गाईडना फोन केले. संध्याकाळी लोइक अंगणात गाडीखाली आडवा होऊन काहीतरी पिळत होता, तिथे जाऊन ती म्हणाली, "रांजण भरलाय रे. तक्त्यावर बदलायला हवं."

"हं. बदलतो," गाडीखालून आवाज आला.

मग शेळ्यांना कसला तरी आजार झाला, हंगामाची धावपळ सुरू झाली, लोइक आठवडाभर आल्प्सला जाऊन आला. तक्ता बदलायचा राहिला. अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी लील शहरातली मोद नावाची एकोणतीस वर्षांची शिक्षिका तीन मित्रांबरोबर घळीत उतरली. ती माणसं हलगर्जी नव्हती. त्यांच्याकडे चांगले दोर होते, हवामान पाहिलं होतं, तक्ता छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता. मोदने उडी मारली.

स्ट्रेचर उचलायला सावेरिया होती. सहा जणांनी चार तास लावून मोदला खालच्या चार कड्यांवरून उतरवलं. मोद शुद्धीवर होती. तिचा चेहरा सावेरियाच्या कोपराजवळ होता. नवव्या कड्याखाली थांबले तेव्हा ती म्हणाली, "मी चुकीच्या जागेवरून उडी मारली का?"

सावेरियाने तिच्या हनुवटीखालचा पट्टा सारखा केला. उत्तर दिलं नाही. तिच्या खांद्याला मोदचीच पिशवी लटकत होती आणि पिशवीच्या बाहेरच्या खिशात, प्लास्टिकच्या आत, सावेरियाला स्वतःचं अक्षर दिसत होतं.

मोद वाचली. पाय गेले. चौकशी झाली, पण कुणावर ठपका आला नाही. तक्त्याच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं की प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर उतरावं. गावात सगळे सावेरियाला समजावत होते. नदी आहे, बदलते, तू काय करणार? लोइक म्हणाला, "चूक असेल तर दोघांची आहे. नसेल तर कुणाचीच नाही." बोलायला ते सोपं होतं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं. पण सावेरियाला कुणीतरी एकदा तोंडावर दोष द्यायला हवा होता, आणि तो कुणी देईना. मोदच्या आईवडिलांना तिने पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

सप्टेंबरमध्ये, पाणी सगळ्यात कमी असताना, तिने एकशेचाळीस मीटर दोर तुकडे करून पाठीवर घेतला आणि कुणालाही न सांगता घळीत शिरली. उतरताना प्रत्येक कड्यावर एक एक दोर लटकता ठेवत ती तळापर्यंत गेली. मग खालून वर निघाली. दोराला क्लॅम्प लावून कडा चढायची, माथ्यावर पोचली की दोर ओढून घ्यायची, पान्याने बोल्ट सोडवायची, भोकात सिमेंट भरायची. पाठीवरचं ओझं प्रत्येक कड्याला वाढत होतं. दोन रात्री तिने आतच काढल्या. काही बोल्ट इतके गंजले होते की ते सुटेनात, तिने ते करवतीने कापले. उजव्या हाताची दोन बोटं फुटली. वीस वर्षांपूर्वी ही भोकं पाडताना तिला प्रत्येक भोक पाडायला पाऊण तास लागला होता. सोडवायला दहा मिनिटं लागत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती तिसऱ्या कड्याच्या माथ्यावर होती. वरचे दोन कडे तेवढे उरले होते. आभाळ भरून आलं. पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि त्यातून पानं वाहत येऊ लागली. ती घाईघाईने उरलेल्या दोन दोरांवरून चढून बाहेर पडली, दोर तेवढे ओढून घेतले, बोल्टना हात लावायलाही थांबली नाही. काठावरच्या खडकावर तिने लाल रंगाने लिहिलं : घळ बंद. बोल्ट काढले आहेत. आणि घरी आली.

लोइक स्वयंपाकघरात उभा होता. पिशवीतून जमिनीवर ओतलेल्या लोखंडाकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"कुणाला विचारलंस?"

"ठोकताना तरी कुणाला विचारलं होतं?"

"ठोकताना आपण दोघं होतो," लोइक म्हणाला.

तिने लोखंड गोळा करून पुन्हा पिशवीत भरलं. आठवडाभर ते घरात एकमेकांना वाट देत वावरले. मग लोइक कोर्तीला मित्राकडे राहायला गेला आणि परत आला नाही. जाण्याआधी त्याने वेबसाइटवरून तक्ता काढून टाकला आणि तिथे 'बंद' असं लिहिलं. पण तोपर्यंत तो तक्ता पन्नास ठिकाणी उतरवला गेला होता.

ओर्सू खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो वाड्यात शेळ्यांची धार काढत होता.

"सगळे काढलेस?"

"वरचे दोन कडे राहिले. पाणी चढलं."

"मग काम झालं नाही."

"पण बाबा, खाली काहीच नाही आता. कोण जाईल?"

"अर्धं लावलेलं दार उघड्या दारापेक्षा वाईट," ओर्सू म्हणाला. "उघड्यात माणूस बघून तरी जातो."

"वसंतात काढते."

वसंत आला आणि गेला. तिची बोटं नीट बरी झाली नव्हती, दुसऱ्या नद्यांची कामं होती, मे महिन्यात बर्फ वितळून पाणी जास्त होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण आणखी एक कारण होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नाही. वरच्या त्या दोन कड्यांचे बोल्ट काढले की तिलाही पुन्हा आत जाता येणार नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये, एका मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, इनेस नावाची एक मुलगी गावातल्या बेकरीत आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. तिचा मित्र रेमी आणि त्याचा भाऊ बास्तियाँ सकाळी आठला शाईच्या घळीत उतरले होते. ही खाली गाडीपाशी थांबली होती. एक वाजेपर्यंत बाहेर यायला हवे होते. बेकरीवाल्या बाईने पीठ भरल्या हातांनीच सावेरियाला फोन लावला.

"खडकावर लिहिलेलं वाचलं नाही त्यांनी?" सावेरियाने इनेसला विचारलं.

"वाचलं," इनेस म्हणाली. "रेमी म्हणाला, इथले गाईड असंच लिहितात. बाहेरच्यांनी यायला नको म्हणून."

सावेरियाला चित्र लगेच डोळ्यांसमोर आलं. पहिला कडा, बोल्ट आहेत. दुसरा कडा, बोल्ट आहेत. पोरं म्हणाली असतील, बघ, सांगितलं नव्हतं? दुसऱ्यावरून उतरून त्यांनी दोर खाली ओढून घेतला असणार, पुढच्या कड्याला लागतो म्हणून. आणि तिसऱ्याच्या माथ्यावर गेल्यावर काही नाही. आता वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही. जेवणाच्या टेबलाएवढी जागा, समोर बर्फाच्या पाण्याचा डोह, आणि ऊन तिथे कधीच पोचत नाही. आठ तास तरी.

कोर्तीच्या बचाव पथकाला कळवलं. हेलिकॉप्टर आलं, पण ढग कड्याच्या खाली उतरले होते. ते दोनदा घिरट्या घालून परत गेलं. पथक रस्त्याने निघालं, लोइक त्यांच्यातच होता, पण घाट आणि वरची चाल धरून अडीच तास तरी लागणार होते. सावेरियाने दोर आणि ब्लँकेटं भरली. अंगणात ओर्सू काठी घेऊन उभा होता. एकोणऐंशी वर्षांचा.

"दोर वरून सोड," तो म्हणाला. "करडू पडलं होतं तिथून. ती कपार बरोबर तिसऱ्याच्या डोक्यावर आहे."

"जागा सापडेल मला."

"धुक्यात तुला काय सापडणार? मी चाळीस वर्षं शेळ्या नेतोय तिथून. चल."

गावातले पाच जण बरोबर होते. धुकं इतकं दाट होतं की समोरच्याची पाठ दिसत नव्हती. ओर्सू काठी आपटत पुढे चालला होता. एका ठिकाणी थांबला, हाताने झाडाचं खोड चाचपलं आणि म्हणाला, "हे." जुनिपर होतं.

एकोणपन्नासाव्या वर्षी सावेरिया त्याच झाडावरून खाली गेली. या वेळी कमरेला चांगला पट्टा होता, वर पुली होती. चाळीस मीटरवर तिला खालून आवाज ऐकू आला. कुणीतरी आकडे मोजत होतं, मोठ्याने, एक ते शंभर आणि पुन्हा एक.

मोजणारा रेमी होता. धाकट्या बास्तियाँला त्याने मांडीत घेतलं होतं. बास्तियाँने चढून वर जायचा प्रयत्न केला होता, पडला होता, मनगट मोडलं होतं आणि डोहात भिजून निघाला होता. तो कुडकुडत नव्हता. कुडकुडणं थांबलं होतं, हे वाईट होतं. ओठ राखेच्या रंगाचे होते.

"त्याला झोपू दिलं नाही मी," रेमी म्हणाला. "मोजायला लावलं. आता तो मोजत नाही."

"चांगलं केलंस. हात दे त्याचा इकडे."

तिने बास्तियाँला ब्लँकेटात गुंडाळलं, पट्टे चढवले. ती गाठी मारत होती आणि रेमी तिला विचारत होता, पुन्हा पुन्हा, "बोल्ट कुठे गेले? तक्त्यावर आहेत. डाव्या हाताला दोन, असं लिहिलंय. कुठे गेले?"

"मी काढले," सावेरिया म्हणाली.

रेमीने तिच्याकडे पाहिलं. त्याला आधी कळलं नसावं. मग कळलं.

"वरचे का ठेवलेत मग?"

तिने शेवटची गाठ ओढून पाहिली. "आधी याला वर पाठवू," ती म्हणाली आणि दोराला तीन हिसके दिले.

बास्तियाँला वर ओढायला वीस मिनिटं लागली. मग रेमी गेला. तोवर सावेरिया त्या टेबलाएवढ्या जागेवर एकटी बसून राहिली. समोर तिसऱ्या कड्याच्या माथ्यावर तिनेच भरलेल्या सिमेंटचे दोन गोल ठिपके होते, खडकाच्या रंगाहून जरा पांढरे. तिच्यासाठी दोर खाली आला तेव्हा तिला पट्टा अडकवायला जमेना, इतके हात गारठले होते.

बास्तियाँ पाच दिवस इस्पितळात होता. वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी पथकातल्या पोलिसाने काठावरच वही उघडली होती. धुकं आता विरळ होत होतं. लोइक थोडा दूर उभा राहून दोर गुंडाळत होता.

"खालचे बोल्ट कुणी काढले?" पोलिसाने विचारलं.

"पुराने नेले," ओर्सू पटकन म्हणाला. सावेरियाने आयुष्यात पहिल्यांदा बापाला खोटं बोलताना ऐकलं. "मोठा पूर आला होता मागच्या हिवाळ्यात. दगड आले, झाडं आली. बोल्टचं काय घेऊन बसलात?"

"पुराने नाही," सावेरिया म्हणाली. "मी काढले. वरच्या दोन कड्यांचे राहिले ते माझ्या आळसाने."

"सावे," ओर्सू म्हणाला.

"असू दे बाबा."

आळस हा शब्दही खरा नव्हता, पण त्याहून खरं सांगायला ती जागा नव्हती.

गाईडांच्या संघटनेने तिला दोन वर्षं कामाची बंदी केली. पोरांच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. गावात मात्र मागच्या वर्षी जे समजावत होते तेच आता रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. घळ बंद झाल्याने पहिल्याच उन्हाळ्यात तंबूंची जागा अर्धी रिकामी होती, तो राग होताच. आता त्याला कारण मिळालं. बेकरीवाली बाई तेवढी पाव देताना म्हणाली, "एकदा उघडलंस तेव्हा आम्हाला विचारलं नाहीस, एकदा लावलंस तेव्हाही नाही. आम्ही कोण आहोत गं तुझे?" तिला निदान बोलावंसं वाटलं, याचं सावेरियाला बरं वाटलं.

ऑक्टोबरमध्ये फोन आला. अनोळखी आवाज होता.

"मी मोद. लीलहून."

सावेरिया उभी होती, ती खाली बसली.

"तुमचं पत्र माझ्या आईने मला दाखवलं नव्हतं," मोद म्हणाली. "आत्ता सापडलं. आणि मी त्या दोन मुलांचंही वाचलं. खरंय का ते? तुम्ही माझ्यामुळे बोल्ट काढलेत?"

"हो."

"मला विचारलं होतंत?"

"नाही."

"मी इकडे वर्षभर घरात बसून विचार करत होते की निदान ती घळ आहे. मला जाता येणार नाही, पण आहे. लोक उतरतायत. आणि तुम्ही ती माझ्या नावाने बंद करून बसलात. दोन पोरं मेली असती ती पण माझ्याच नावाने." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्याला समजावून सांगावं तसं ती बोलत होती. "तक्ता बदलायचा राहिला, त्याचा मला राग आहे. खूप आहे. तो तुम्ही घ्या. पण हे दुसरं मी तुमच्याकडे मागितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं होतंत," सावेरिया म्हणाली. "त्या दिवशी. चुकीच्या जागेवरून उडी मारली का म्हणून. मी बोलले नाही."

"मला आठवत नाही," मोद म्हणाली. "मग आता सांगा."

"जागा बरोबर होती. मी लिहिलेलं चुकीचं झालं होतं, आणि ते मला माहीत होतं."

"बरं," मोद म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. सावेरियाने केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावाने सभा घेऊन घळ पुन्हा खुली करायची ठरवली. काम लोइककडे आलं. तो अंगणात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

"भोकं कुठे होती ते तुला माहीत आहे," तो म्हणाला. "सिमेंट शोधत बसलो तर मला आठवडा लागेल."

"वही देते."

"वही नको. तू चल."

ती गेली. तीन दिवस दोघं घळीत होते, गरजेपुरतं बोलत. जुन्या भोकांच्या वीतभर वर नवी भोकं पाडली, या वेळी यंत्राने, दोन दोन मिनिटांत. रांजणापाशी पोचले तर पाणी पुन्हा गडद हिरवं होतं. मधल्या हिवाळ्यातल्या पुराने रांजणातले दगड पुढे ढकलले होते. लोइकने दोरीला दगड बांधून सोडला. साडेपाच मीटर.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

सावेरिया भिजलेली दोरी गुंडाळत राहिली. लोइकने लिहिलं, उडी मारू नये. लोक तरीही मारणार हे दोघांनाही माहीत होतं.

ते काम संपल्यावर लोइक कोर्तीला परत गेला. बंदी उठल्यावरही सावेरियाने गाईडचं काम पुन्हा धरलं नाही. ओर्सू त्या हिवाळ्यात झोपेत गेला, आणि शेळ्या तिच्याकडे आल्या. उन्हाळ्यात ती त्यांना तळ्यावर नेते, तिथल्या दगडी झापात चीज करते, दुधाचं उरलेलं पाणी तापवून त्याचा ब्रोच्यू, म्हणजे मऊ पनीर, काढते. खालून चढून येणाऱ्यांना तो गरम गरम वाडग्यात मिळतो. तळ्याची, नदीची माहिती कुणी विचारली तर ती वाट सांगते, खोली सांगत नाही.

वादळी हवेच्या दिवशी मात्र ती शेळ्या झापात कोंडते आणि तासभर चालून खाली घळीच्या तोंडाशी, गाड्या लावतात तिथे येते. गाडी दिसली की समोरच्या दगडावर बसते. गाडीवाले बाहेर येईपर्यंत बसते, मग चार तास लागोत की सहा. गेल्या ऑगस्टमध्ये एक जोडपं ओलंचिंब होऊन आलं. काळी ओढणी घेतलेली, हातात काठी धरलेली बाई आपल्या गाडीकडे टक लावून बसलेली पाहून नवऱ्याने आधी कुलूप तपासलं.

"काही हवंय का?" त्याने विचारलं.

"आणखी कुणी आहे का मागे?"

"नाही. आम्ही दोघंच होतो."

"नक्की?"

"नक्की. का हो?"

"काही नाही. निघा तुम्ही, पाऊस येईल," सावेरिया म्हणाली. बायकोने खिडकीतून हात हलवला, तिने हलवला नाही. गाडी वळणाआड गेली, इंजिनाचा आवाज घाटात दोनदा परत आला आणि बंद झाला. मग ती उठली. गुडघे धरले होते. वर चढायला तिला आता दीड तास लागतो.